महानगरीय जाणीव आणि चटईक्षेत्र

'महानगरीय जाणीव' ही शब्दयोजना मराठी साहित्यसमीक्षेत आता चांगलीच मुरली आहे. पदव्युत्तर वर्गाच्या प्रश्नपत्रिकांतून तर तिने कायमचे ठाण मांडले आहे. गर्दी, यांत्रिकता, परात्मता, एकाकीपण, मूल्यऱ्हास अशी पाच पदे विद्यार्थ्याने लिहिली, मर्ढेकरांपासून ढसाळांपर्यंत चार नावे ओवली, की उत्तर पुरे होते आणि परीक्षकाचेही समाधान होते. आमचा या शब्दयोजनेवर आक्षेप आहे. ही जाणीव नेमकी कोणाला होते, शहराच्या कोणत्या टोकाला होते, कामाच्या जागेपासून किती मैलांवर आणि किती चौरस फुटांत होते, हे आपली समीक्षा विचारतच नाही. शहर ही एक मनःस्थिती आहे असे गृहीत धरून ती पुढे जाते. मराठीत 'वाटणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. शहर कसे वाटते, याविषयी आपण साठ-सत्तर वर्षे लिहीत आलो. शहर काय वाटते, कोणाला वाटते आणि कोणाला वगळून वाटते, याविषयी मात्र आपण मौन बाळगले.

हे मौन मराठीच्या मूळ स्वभावातले नव्हे. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मुंबई-ठाणे आगगाडीला अवघी दहा वर्षे झाली होती. माडगावकरांना शहराचे कुतूहल होते, कौतुकही होते. पण ते रस्ते पाहतात, तळी पाहतात, बाजार पाहतात, कोणत्या वस्तीत कोण राहते ते पाहतात. शहर ही मोजण्याची, हिंडून पाहण्याची गोष्ट आहे याविषयी त्यांना शंका नव्हती. पुढे आधुनिकतावादाच्या लाटेत आपण हे सारे गद्य, रुक्ष, म्हणून साहित्यबाह्य ठरवले. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०३ साली महानगर आणि मनोजीवन यांच्या संबंधावर निबंध लिहिला. त्याने निदान त्या मनोजीवनाची मुळे पैशाच्या व्यवहारात शोधली होती. आपण मनोजीवन तेवढे उचलले आणि व्यवहार अर्थशास्त्राच्या विभागाकडे पाठवून दिला.

आता मुंबईचा नकाशा समोर घेऊ. दक्षिणोत्तर पसरलेली एक चिंचोळी पट्टी, तिन्ही बाजूंना पाणी, आणि कामधंद्याचे मुख्य केंद्र पट्टीच्या अगदी दक्षिण टोकाला. वर्तुळाकार वाढणाऱ्या शहराला मध्य असतो आणि चहूबाजूंनी तिथे पोहोचता येते. मुंबईचा मध्य हा तिचा शेवट होता. किल्ला, बंदर, कचेऱ्या, पुढे मंत्रालय हे सगळे टोकाला. माणसे मात्र उत्तरेकडे ढकलली जाणार. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण चोपन्न. उपनगरातील माणसे आजही दक्षिणेकडे जाताना 'टाऊनात जातो' असे म्हणतात. वर्षानुवर्षे करवसुली महापालिकेला देऊनही आपण शहराच्या बाहेर आहोत, ही कबुली त्या एका शब्दात आहे.

भूगोलाला दोष देऊन मोकळे होता येत नाही. ही रचना मोडण्याची संधी एकदा चालून आली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. शहराची वाढ दक्षिणोत्तर न होता पूर्व-पश्चिम व्हावी, रोजगार पलीकडे जावा आणि त्यासाठी खुद्द राज्यशासनानेच आपली कचेरी तिकडे हलवावी, असा त्या कल्पनेचा गाभा होता. १९७० साली सिडको स्थापन झाली. ९५ गावांची जमीन संपादित करण्याचे ठरले. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना १९८४च्या जानेवारीत उरण परिसरात गोळीबार होऊन पाच आंदोलक मृत्युमुखी पडले, हेही येथे नोंदवले पाहिजे. नियोजनाच्या इतिहासात कोणाच्या शेताची किंमत कोणी मोजली ते बहुधा तळटीपेत जाते. आणि एवढे करून शासन हलले का? नाही. ज्या दशकात खाडीपलीकडे नवे शहर आखले जात होते, त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहत होते. वाशीपर्यंत प्रवासी रेल्वे पोहोचायला १९९२ साल उजाडावे लागले. एका हाताने नवे केंद्र आखायचे आणि दुसऱ्या हाताने जुने फुगवायचे, याला धोरणातील विसंगती म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. जुन्या केंद्रातील जमिनीचा भाव पडू नये अशी ज्यांची इच्छा होती, त्यांच्या दृष्टीने या धोरणात विसंगती मुळीच नव्हती.

या रचनेची किंमत कोण चुकवते? साधे गणित करू. कल्याण-बदलापूरच्या बाजूने येणाऱ्या माणसाचे जाण्यायेण्यात रोज अडीच तास जातात असे धरले, तर वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत ते साडेसातशे तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर हे सुमारे चौऱ्याण्णव दिवस, म्हणजे वर्षाकाठी तीन महिन्यांहून अधिक काळाची बिनपगारी नोकरी. हा काळ कोणत्याही वेतनपत्रकावर येत नाही. तो स्त्रियांच्या बाबतीत आणखी जड असतो, कारण गाडीतून उतरल्यावर दुसरी पाळी सुरू होते. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते यावर आपण कौतुकाने ललित लेख लिहिले, पण ती निवडण्यासाठी घरी वेळ का उरत नाही हे त्या लेखांत क्वचितच येते. रेल्वेचा मासिक पास स्वस्त आहे, आणि तो स्वस्तच असला पाहिजे. पण त्या स्वस्ताईचा लाभार्थी केवळ प्रवासी नव्हे. पास स्वस्त असल्यामुळेच कामगाराला तीस मैल दूर ढकलता येते. त्याला कामाजवळ राहता येईल एवढे वेतन द्यावे लागत नाही, आणि कामाजवळची जमीन अधिक भाव देणाऱ्यासाठी मोकळी राहते. प्रवाशाच्या हातात सवलत म्हणून पडणारा पास अशा रीतीने मालकाच्या आणि जमीनदाराच्या हिशेबातही जमा होतो. या व्यवस्थेत गाडीतून पडून, रूळ ओलांडताना दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. मराठी कथेत लोकल गाडी पुष्कळदा येते, पण ती येते यांत्रिक जीवनाचे प्रतीक म्हणून. प्रतीक ठरवले की तिकिटाचा हिशेब मागावा लागत नाही.

याच्या उलट उदाहरण याच शहराने आपल्यासमोर ठेवले होते आणि ते आपल्या वाङ्मयेतिहासाच्या मध्यभागी आहे. ते म्हणजे गिरणगाव. पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेवला स्थापन झाली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरणीला माणूस भोंग्याच्या टप्प्यात हवा होता. म्हणून बहुसंख्य कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत. ही सोय मालकांच्या गरजेतून झाली, कनवाळूपणातून नव्हे. पण या जवळिकीतून जे निर्माण झाले ते मालकांच्या हिशेबातले नव्हते. वाचलेले गाडीभाडे, वाचलेले दोन तास, वाण्याची उधारी, गावकीच्या खोल्या, भजनी मंडळे, व्यायामशाळा, वाचनालये, रात्रशाळा हे सारे त्या एका भौगोलिक वस्तुस्थितीचे फलित होते. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका घरात बसून कमावू शकत होत्या, कारण त्यांचे गिऱ्हाईक जिन्याखालून जात होते. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांच्या बळावर. त्या बायका पन्नास किलोमीटरवरच्या एखाद्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहत असत्या, तर त्यांच्या हातची चव तीच राहिली असती, धंदा मात्र राहिला नसता.

आणि साहित्य? अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले, परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगार रंगभूमी वाढली, नारायण सुर्वे यांना आपले विद्यापीठ रस्त्यावर सापडले. हे सारे आपण 'कामगारवर्गीय जाणिवेचा आविष्कार' म्हणून शिकवतो. जाणीव होतीच. परंतु पाळी संपल्यावर तालमीला जायला माणसाजवळ संध्याकाळ शिल्लक होती, आणि तालमीची जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती, हे शिकवताना आपण गाळतो. रात्री साडेनऊला अंबरनाथच्या फलाटावर उतरणाऱ्या माणसाकडून कामगार रंगभूमीची अपेक्षा करणे हे क्रौर्य आहे. 'आजच्या कष्टकऱ्यांतून शाहीर का निपजत नाहीत', असा प्रश्न परिसंवादांतून अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्यांनी एकदा लोकलचे वेळापत्रक चाळावे.

येथे कोणी म्हणेल की ही चाळीची स्मरणभक्ती झाली. तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. चाळीच्या स्मरणरंजनाचा आम्हाला मनापासून कंटाळा आहे. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ची. तिच्या विनोदाला आम्ही आजही हसतो, पण तिच्या यशाने मराठी मध्यमवर्गाला अडचणीचे रूपांतर जिव्हाळ्यात करण्याची एक सोपी युक्ती हाती दिली. बीडीडी चाळींची खोली एकशे साठ चौरस फुटांची होती, संडास सामाईक होते, क्षयरोग शेजारी होता. खोल्यांत माणसे पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. बांधकामाच्या निर्देशांकाला, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी एफएसआय म्हणतात, शासकीय मराठीने 'चटईक्षेत्र निर्देशांक' हे नाव दिले. ज्या अनाम भाषांतरकाराला हा शब्द सुचला त्याला आम्ही नमस्कार करतो. एका चटईवर तीन पाळ्यांनी झोपणाऱ्यांच्या शहरात जमिनीच्या साऱ्या राजकारणाचे मोजमाप चटईत व्हावे, याहून अचूक प्रतिमा नवकवितेलाही साधली नसती.

शिवाय ही जवळीक सर्वांना सारखी वाटली गेली नव्हती. गिरणीतील विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेपायी दलित कामगारांना त्या अधिक मजुरीच्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८-२९च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. ते स्वतः तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. भोंगा एक, अंतर एक, पगार वेगळा. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३च्या संग्रहाचे शीर्षकच सांगते, की या देशात घर शोधताना अंतर फक्त किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. नामदेव ढसाळांचा गोलपिठा मलबार हिलपासून किती दूर आहे? कोसभर. १९७२ साली तो संग्रह आला तेव्हा विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या प्रस्तावनेला त्या वस्तीची, तिच्या शब्दांची ओळख वाचकाला करून द्यावी लागली, जणू तो परका मुलूख असावा. त्या कोसभर अंतरावर मराठी समीक्षेने हजारो पाने लिहिली. त्यांतील बहुतेकांना ते अंतर अनुभवविश्वाचे वाटले. ते पाणीपुरवठ्याचे, शाळेचे, दवाखान्याचे आणि पोलीस चौकीचेही होते.

आता आम्ही आमच्या मुख्य तक्रारीकडे वळतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद होत गेल्या, आणि त्यांच्याखालची सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर उघडी पडली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने असे ठरवले होते, की गिरणीची जमीन विकासासाठी काढली तर तिचे साधारण तीन वाटे व्हावेत: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९९६ साली या साऱ्या जमिनीचा एकत्रित विचार करा, असे सुचवले. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटे कायम राहिले. फक्त ते कशाचे करायचे हे बदलले. आधी वाटप संपूर्ण जमिनीचे होते, आता ते केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचे झाले. गिरणी म्हणजे मुळात शेड आणि गोदामांनी भरलेली जागा. तिच्यात 'मोकळी' जमीन ती किती असणार? जुने बांधकाम पाडून त्याच्याइतके नवे उभारण्याची मुभा मालकाकडे गेली. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला कोपऱ्यातले तुकडे आले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याविरुद्ध कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली.

साहित्याच्या शिक्षकांना आम्ही विचारतो, की हा मजकूर कोणाच्या वाचनाच्या कक्षेतला होता? एका शब्दाच्या अर्थाने शेकडो एकर जमिनीचे वाटप फिरते. 'मोकळी' या विशेषणाचा अर्थ काय, ते कोणाच्या दृष्टीने मोकळे, कोणत्या क्षणी मोकळे, हा संहितेच्या बारकाव्याने वाचनाचा प्रश्न नाही तर काय आहे? संदिग्धता, शब्दांची अनेकार्थता, अर्थनिर्णयनाची सत्ता यांवर आपल्या विभागांतून चर्चासत्रे भरत होती, देरिदाचे नाव घेतल्यावाचून चहा होत नव्हता, त्याच वर्षांत आपल्याच गावातली सर्वांत परिणामकारक संहिता आपण वकिलांवर आणि मोजक्या कार्यकर्त्यांवर सोडून दिली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांचा मौखिक इतिहास सिद्ध केला, तो ग्रंथ २००४ साली आला. त्या दोघींपैकी एक वास्तुविशारद आणि दुसरी कार्यकर्ती-पत्रकार. मराठीच्या प्राध्यापकांची त्या काळातील कामगिरी शोधायला आम्ही निघालो तर हाती गौरवग्रंथ लागतात.

आणि गिरणी कामगाराला काय मिळाले? घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगारांची आणि वारसांची संख्या दीड लाखांहून अधिक. मुंबईतील गिरण्यांच्या जागेवर त्यांतील थोड्यांना सोडतीने घरे मिळाली. उरलेल्यांपैकी मोठ्या संख्येला शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली. शेलू आणि वांगणी ही कर्जत मार्गावरील स्थानके; मुंबईच्या टर्मिनसपासून अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी, त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी घरे मुंबईतच द्या असे म्हटले, तेव्हा 'फुकटाजवळचे मिळते आहे तरी कुरकुर' असे शेरे सुशिक्षित मराठी तोंडांतून आम्ही ऐकले. या शेऱ्यातला अडाणीपणा हाच आमच्या लेखाचा विषय आहे. घर म्हणजे चार भिंती, असे ज्याला वाटते तो शेलूच्या घराला भरपाई म्हणेल. पण गिरणगावच्या खोलीचे मोल तिच्या भिंतींत कधीच नव्हते. त्या खोलीपासून केईएम रुग्णालय चालत होते, शाळा चालत होती, दादरचा बाजार चालत होता, मुलीला नोकरी मिळाली तर ती साडेसहाला घरी होती. घर दिले आणि त्याच्या भोवतीचे सारे काढून घेतले, तर दिले किती आणि घेतले किती याचा हिशेब चौरस फुटांत करणे ही फसवणूक आहे. उलट, वरळीच्या बीडीडी चाळीतील पाचशे छप्पन्न कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच परिसरात पाचशे चौरस फुटांची घरे मिळाली. म्हणजे जागच्या जागी पुनर्वसन अशक्य असते असे नाही. त्या मनोऱ्यांच्या देखभालीचा खर्च पुढे कोणाला झेपेल, हा प्रश्न आहेच. पण शेलूच्या प्रवाशापुढे तो प्रश्न उभा राहण्याइतकेही भाग्य नाही.

अर्थशास्त्राची बाजू आम्हाला ठाऊक नाही असे नाही. शहरात माणसे, धंदे, कसबे एकत्र आल्यामुळे उत्पादकता वाढते, हे आल्फ्रेड मार्शलने १८९० साली सांगितले आणि त्यात आजही खोट काढता येत नाही. यावरून आजचे धोरणी असे अनुमान काढतात की मोक्याची जमीन सर्वाधिक किंमत देणाऱ्याकडे गेली पाहिजे, निर्देशांक वाढवला पाहिजे, मग बांधकाम वाढेल, भाव उतरतील आणि सर्वांचे भले होईल. येथे दोन गोष्टी गुपचूप वगळल्या जातात. एकत्र येण्यातून मूल्य निर्माण होत असेल, तर ते एकत्र आलेल्या सर्वांनी निर्माण केलेले असते. परळच्या जमिनीला आज जो भाव आहे तो गिरणीमालकाने काही केले म्हणून आलेला नाही. तेथवर रेल्वे, पाणी, गटारे, रुग्णालये आणि शंभर वर्षांची वस्ती होती म्हणून आला. जमिनीच्या अशा अनर्जित वाढीवर समाजाचा हक्क आहे, हे हेन्री जॉर्जने १८७९ साली लिहिले होते, आणि तो काही साम्यवादी नव्हता. दुसरी गोष्ट शिरीष पटेल अनेक वर्षे सांगत राहिले: निर्देशांकाची तुलना परदेशी शहरांशी करताना माणशी जागा किती, रस्ते किती, बागा किती, हे पाहिल्याशिवाय नुसत्या मजल्यांच्या आकड्याला अर्थ नाही. मजले वाढले, चटई तेवढीच राहिली, रस्ता तोच राहिला, याला विकास म्हणायचे असेल तर म्हणावे. विकास हक्काच्या हस्तांतरणाचा नियम पाहा. १९९१च्या नियमावलीत बेटावरच्या शहरात निर्माण झालेला हा हक्क वापरायचा तो उपनगरांत, उत्तरेकडे. माणसांप्रमाणे कागदावरच्या काँक्रीटलाही उत्तरेचाच रस्ता दाखवला गेला.

शासकीय मराठीतील आणखी एक शब्द आपल्या खास परिचयाचा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या याद्यांत माणसांचे दोन वर्ग असतात, 'पात्र' आणि 'अपात्र'. कथा-कादंबरीतील माणसांना आपण पात्रे म्हणतो. कोणत्या तारखेच्या आधीचा कागद हातात आहे यावर माणूस शहराच्या कथेत राहील की नाही हे ठरते. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४१ टक्के वस्ती झोपडपट्ट्यांत होती. म्हणजे ही याद्यांची बाब किरकोळ नव्हे. धारावी पश्चिम आणि मध्य या दोन रेल्वेमार्गांच्या बेचक्यात आहे, वांद्रे-कुर्ला संकुलाला लागून आहे. तिच्या जागेचे मोल त्यातच आहे, आणि तिथल्या कुंभाराचे, चामडे कमावणाऱ्याचे, भंगार निवडणाऱ्याचे पोटही त्यातच आहे. पुनर्विकासात जे अपात्र ठरतील त्यांच्यासाठी मुलुंड, कांजूरमार्ग, भांडुपची मिठागरे आणि देवनारच्या कचराभूमीची जमीन दाखवण्यात आली. देवनार ज्या एम-पूर्व विभागात मोडते तो विभाग २००९च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहरात सर्वांत तळाला होता. माहुलचा अनुभव ताजा आहे. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन वसवली, माणसे आजारी पडली, आणि अखेर २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की अशा हवेत राहण्याची सक्ती करता येणार नाही. 'प्रकल्पग्रस्त' या शब्दात 'ग्रस्त' हे पद ग्रहणातून आले की रोगातून, हे व्याकरणाच्या अभ्यासकांनी ठरवावे.

आमच्या व्यवसायबंधूंचा एक आक्षेप उरतो. साहित्य म्हणजे नगररचना नव्हे, कलाकृतीचे मूल्य तिच्या अंतर्गत संघटनेत असते, नकाशे आणि नियम आणून तुम्ही साहित्याचे समाजशास्त्र करता. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण साहित्याला दस्तऐवज मानणाऱ्या वाचनाने मराठीत पुष्कळ हानी केली आहे. पण आम्ही नेमके उलट म्हणत आहोत. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'तील नाका ही पार्श्वभूमी नव्हे. घरात जागा नाही, कामाला दार नाही, आणि रस्ता मात्र फुकट आहे, या तिन्ही गोष्टींच्या छेदबिंदूवर ती भाषा जन्मते. नाक्याचे अर्थकारण वगळले की उरतो तो १९६५ सालच्या अश्लीलतेचा वाद. जयंत पवारांच्या 'अधांतर'चे नेपथ्य एका खोलीचे आहे. आई, तीन मुलगे, एक मुलगी. त्या नाटकाची संवादरचना, एकाने बोलणे तोडणे, दुसऱ्याने ऐकू येऊनही न ऐकणे, कोणालाही उठून दुसऱ्या खोलीत जाता न येणे, हे सारे त्या चौरस फुटांतून आलेले आहे. हीच त्या नाटकाची अंतर्गत संघटना. ती न मोजता तुम्ही त्याच्या शोकात्म घाटावर बोलता, तेव्हा घाटाविषयीही अर्धेच बोलता. जयवंत दळवींचे 'चक्र' आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' या दोन कादंबऱ्या आपण 'झोपडपट्टीचे वास्तव' या एका खणात टाकतो. खाडीकाठची वस्ती आणि इतर ठिकाणची वस्ती यांत भरतीचे पाणी किती फरक करते, हे कादंबरीकाराला ठाऊक असते. अभ्यासक्रम मंडळाला नसते.

पुढील सत्रात 'अधांतर' शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक गृहपाठ सुचवतो. विद्यार्थ्यांनी लालबाग-परळचा १९८० सालचा नकाशा मिळवावा आणि त्यावर गिरणी, चाळ, शाळा, दवाखाना, खानावळ, नाट्यगृह यांच्यातील अंतरे पावलांत लिहावीत. दुसऱ्या कागदावर आजची तीच जागा काढावी आणि त्या जागी काय उभे आहे, आत जायला कोणाला आडकाठी होते, हे लिहावे. तिसऱ्या कागदावर शेलू स्थानकाचे वेळापत्रक लिहावे, सकाळी पाच ते आठ. मग नाटकातील मुलीने नोकरीवर वेळेत पोहोचण्यासाठी कोणती गाडी धरली पाहिजे, ते शोधावे.